नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात पायी चालणाऱ्याला टेकायला जागा द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

2027 च्या सिंहस्थाच्या तयारीच्या बातम्या आपल्या पेपरात रोज येतायत, रस्ते, पूल, घाट, पार्किंग सगळं वाचते मी, पण जो माणूस पायी चालतो त्याला वाटेत दहा मिनिटं सावलीत बसायला काय करणार हे अजून कुठे वाचायला मिळालं नाही. म्हणून हे पत्र. मागणी छोटी आहे. त्र्यंबकपासून गंगापूर धरणापर्यंत, कश्यपी धरणाच्या बाजूला आणि इकडे रामशेज-दिंडोरीकडे, म्हणजे जिथे डोंगर, धरणाचं पाणी आणि द्राक्षबागा एकत्र येतात त्या सगळ्या पट्ट्यात चालणाऱ्यांसाठी साधे निवारे बांधा. दार नको, कुलूप नको, तिकीट नको. छप्पर, बसायला दगडी ओटा आणि समोर मोकळं दिसेल अशी जागा, एवढंच.

आता कोणी म्हणेल त्या भागात काय कमी आहे, रिसॉर्ट आहेत, कॅफे आहेत, वाइनरीचे टेस्टिंग रूम आहेत. आहेत ना, आणि चांगले आहेत, मला त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही. सुला वाइन कंपनीने इथे सुरुवात केली त्याला पाव शतक झालं, 2001 मध्ये सरकारने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं, नाशिक व्हॅली वाइनला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यातून शेतकऱ्यांना आणि पोरांना कामं मिळाली हे डोळ्यांनी बघितलंय. पण रविवारी सकाळी सावरगाव किंवा गंगावऱ्ह्याच्या बाजूला जाऊन बघा, धरणाचं पाणी नीट दिसतं अशी प्रत्येक सावलीची जागा कुणाच्या तरी कंपाउंडच्या आत आहे, बसायचं असेल तर आधी ऑर्डर द्या. आमचा बायकांचा एक ग्रुप आहे, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या, आम्ही त्या बाजूला चालायला जातो. एकदा मार्च महिन्यात एकीला ऊन लागलं, चक्कर यायला लागली, म्हणून एका जागेच्या गेटपाशी झाडाखाली बसलो तर सिक्युरिटीवाला येऊन म्हणाला मॅडम इथे बसता येणार नाही, गेस्टच्या गाड्या येतात. त्या बिचाऱ्याचा काय दोष, त्याला सांगितलं असेल तसं तो करणार. दोष हा की त्या अख्ख्या रस्त्यावर आम्हाला दुसरी जागाच नव्हती.

आणि चालणारे म्हणजे फक्त आमच्यासारखे हौशी नाहीत, हे आधी लक्षात घ्या. पौष वद्य एकादशीला निवृत्तीनाथांच्या यात्रेला किती दिंड्या पायी त्र्यंबकला येतात, म्हातारी माणसं, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, कडेवर लेकरं, आणि थंडी तर आपल्या जिल्ह्यातली. श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा, वीस किलोमीटरच्या आसपास, धो धो पावसात, रात्री निघालेली माणसं पहाटेपर्यंत चालतायत. चैत्रात सप्तशृंगीला पायी जाणारे वेगळेच. हे सगळे कुठे बसतात? टपरीच्या पत्र्याखाली, बंद दुकानाच्या पायरीवर, नाहीतर डांबरी रस्त्याच्या कडेला, जिथून भरधाव गाड्या जातात.

अजून एक मोठा वर्ग आहे ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही, तो म्हणजे बागेत काम करणारी माणसं. ऑक्टोबरची गोडी छाटणी सुरू झाली की पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवरून टोळ्या येतात, छाटणी, मग विरळणी, मग डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, मग जानेवारी ते मार्च खुडा. सकाळी पिकअपमधून उतरतात, संध्याकाळी फाट्यावर गाडीची वाट बघत उभे असतात, बाया लहान पोरांना घेऊन. परतीचा पाऊस आला तर डोक्यावर प्लास्टिकची गोणी. फाट्यावर एक निवारा असला तर तो सकाळी ट्रेकवाल्यांच्या कामाचा आणि संध्याकाळी ह्यांच्या. वाइनच्या बाटलीमागे ज्यांचे हात आहेत त्यांना बसायला जागा नाही ही गोष्ट मला फार लागते.

हे सगळं मनात होतंच, पण ते कसं करता येतं हे मी बघितलं जर्मनीतल्या मोझेल नदीच्या खोऱ्यात. माझा भाचा कोब्लेंझला नोकरीला आहे, त्याच्याकडे गेले होते, ऐन द्राक्षकाढणीच्या दिवसांत. मोझेल फ्रान्समध्ये उगम पावते, लक्झेंबर्गच्या सीमेवरून जर्मनीत येते आणि कोब्लेंझला ऱ्हाइनला मिळते, आणि मधे इतकी वळणं घेते की एखाद्या गावातून निघून तुम्ही डोंगर चढून पलीकडे उतरलात तर पुन्हा तीच नदी समोर. दोन्ही काठांवर उभ्या उतारावर द्राक्षं, बहुतेक रीसलिंग जातीची, आणि जमीन म्हणजे पाटीच्या दगडाचे तुकडेच तुकडे, दिवसभर तापतात आणि रात्री वेलीला ऊब देतात. ब्रेम नावाच्या गावाजवळ काल्मोंट म्हणून डोंगर आहे, युरोपातल्या सगळ्यात उभ्या द्राक्षबागांमध्ये त्याची गणना होते, काही ठिकाणी चढ साठ अंशाच्या पुढे, ट्रॅक्टर जाऊच शकत नाही, माणसं आणि माल एका रुळाच्या छोट्या गाडीवरून वर नेतात. आपल्या सपाट बागा आणि मांडव बघितलेल्या माणसाला ते बघून धडकी भरते.

त्या खोऱ्यात 2014 मध्ये त्यांनी एक सलग पायवाट आखली, मोझेलश्टाइग, फ्रान्स-लक्झेंबर्गच्या सीमेवरच्या पेर्लपासून कोब्लेंझपर्यंत 365 किलोमीटर, 24 टप्पे. म्हणजे एक टप्पा साधारण पंधरा किलोमीटरचा, आणि टप्पा संपतो तिथे गाव, बऱ्याच गावांना रेल्वे स्टेशन, म्हणजे कोणीही शनिवारी एक टप्पा करून घरी जाऊ शकतो. वाट नवी खोदली नाही फारशी, जुन्या बागेतल्या, जंगलातल्या वाटा जोडल्या, खुणा रंगवल्या. मला सगळ्यात भावले ते वाटेवरचे निवारे. काही फार भारी नाहीत हो. तीन बाजूंनी लाकडी भिंत, एक बाजू उघडी, वर उतरतं छप्पर, आत भिंतीला लागून बाक, मधे एक जाड टेबल. पण जागा निवडलेली असते अशी की बसलात की खाली नदीचं वळण, समोर बागा, चर्चचा मनोरा, पाण्यातून जाणारी बोट सगळं दिसतं. काही ठिकाणी तर लाकडाची आडवी वळणदार बाकं, त्यावर पाठ टेकून पडायचं आणि नुसतं बघत राहायचं. कोणी विचारत नाही तुम्ही कुठले, काही विकत घेतलं का. एका निवाऱ्यात आम्ही पावसात अडकलो, तिथे आधीच दोन म्हातारे आजोबा होते, त्यांनी सरकून जागा दिली, डब्यातलं खायला दिलं, भाषा येत नव्हती तरी तासभर बसलो.

भाच्याला विचारलं हे बांधतं कोण, तर म्हणाला सगळं सरकार नाही करत. एक तर तिथल्या चालणाऱ्यांच्या संस्था फार जुन्या, नदीच्या एका बाजूच्या आयफेल डोंगरातली 1888 ची, पलीकडच्या हुन्सरुकमधली 1890 ची, त्यांचे सभासद खुणा रंगवतात, वाटा साफ करतात. शिवाय गावातली मंडळं, फायर ब्रिगेडचे स्वयंसेवक, बागायतदार. लाकूड गावच्या जंगलातलं, मजुरी गावाची. कितीतरी निवाऱ्यांवर छोटी पाटी असते, कोणी बांधला, कुठल्या साली. गावाजवळ थोडे मोठे निवारे असतात, तिथे चूल आणि शेगडीची सोय, ते गाववाले वाढदिवसाला वगैरे नगरपालिकेकडून थोडं भाडं देऊन घेतात आणि त्या पैशातून छपराची डागडुजी होते. आणि बागायतदाराला फायदा काय? माणूस वर निवाऱ्यात बसतो, बाग बघतो, खाली गावात उतरतो तेव्हा त्याला तीच वाइन प्यावीशी वाटते. तिथल्या छोट्या बागायतदारांना वर्षातले चार महिने आपल्या अंगणात, चाळीस खुर्च्यांपर्यंत, स्वतःची वाइन आणि घरचं साधं जेवण विकायला परवानगी असते, फार कागदपत्रांशिवाय. म्हणजे चालणाऱ्याचा पैसा मोठ्या हॉटेलात न जाता थेट शेतकऱ्याच्या घरात जातो. आपल्याकडे वाइनचं नाही जमणार तसं, कायदा वेगळा आहे आणि मला ते नकोही आहे, पण पिठलं-भाकरी, नागलीचे पापड, मनुका-बेदाणे, ताज्या द्राक्षांचा रस हे बचत गटाच्या बायका का नाही विकू शकणार?

आणखी एक गोष्ट लिहून ठेवते कारण ती आपल्याकडे जीव वाचवेल. जर्मनीच्या जंगलवाटांवर ठिकठिकाणी हिरव्या पाट्या असतात, त्यावर एक नंबर. काही झालं तर 112 ला फोन करायचा आणि तो नंबर सांगायचा, मदतवाल्यांना नेमकी जागा कळते. आपल्याकडेही 112 आहेच. हरिहर किल्ल्यावर, दुगारवाडी धबधब्याला, अंजनेरीच्या डोंगरावर कोणी अडकलं की आपल्या रेस्क्यू टीमची पोरं रात्री-बेरात्री धावतात, पण अडकलेला माणूस फोनवर सांगतो "एका मोठ्या झाडापाशी आहे, शेजारी ओढा आहे". आता ह्यातून कोणी काय शोधणार. प्रत्येक निवाऱ्याला एक नंबर द्या, मोठ्या अक्षरात भिंतीवर रंगवा आणि पोलीस, वनखातं, रेस्क्यूवाल्यांकडे त्याची यादी ठेवा. खर्च रंगाच्या डब्याचा.

हे परदेशातलं फॅड आहे असं कोणी म्हणू नये म्हणून एक सांगते. आपल्या पांडवलेणीत दहा नंबरच्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात ह्याचा शिलालेख आहे, जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्यात त्याने काय काय दान केलं ते कोरलंय, आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की भरुकच्छ (भडोच), दशपूर (मंदसौर), गोवर्धन आणि शूर्पारक (सोपारा) इथे त्याने प्रवाशांसाठी चौसोपी घरं आणि निवारे बांधले, विहिरी-तळी केली, आणि पारदा, दमण, तापी अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. त्यातलं गोवर्धन म्हणजे आपल्याच परिसराचं त्या काळचं नाव, आणि गोवर्धन गाव आजही गंगापूरच्या पुढे त्याच रस्त्यावर आहे ज्या रस्त्याने लोक वाइनरीला जातात. बरं हे फार जुनं झालं म्हणाल तर ब्रह्मगिरी चढताना वाटेत जुनी दगडी धर्मशाळा लागते ती बघा, भर पावसात शेकडो माणसं तिच्या आडोशाला उभी राहतात. आपल्या आजोबा-पणजोबांनी पार बांधले, पाणपोया घातल्या, आपण काय बांधलं तर सेल्फी पॉइंट. आय लव्ह अमुक, आय लव्ह तमुक अशी अक्षरं उभी करायला पैसा मिळतो, त्याच्या शेजारी एक छप्पर टाकायला मिळत नाही.

आता सगळ्यात मोठी शंका मला माहितीये, मी ज्यांच्याशी बोलले त्या प्रत्येकाने तीच काढली. तिथे दारुड्यांचा अड्डा होईल, बाटल्या फुटतील, नावं खरडतील. शंका खोटी नाही, धरणाच्या कडेला काचा पडलेल्या मी स्वतः उचलल्यात. पण अड्डा कुठे होतो ते बघा, जिथे भिंती आहेत, दार आहे, गाडी अगदी जवळ लावता येते आणि दुसरं कोणी फिरकत नाही तिथे. म्हणून फाट्यावरचे सोडले तर निवारा गाडीरस्त्यापासून जरा आत पायवाटेवर पाहिजे, आणि लांबून आतलं दिसेल असा पाहिजे, पावसाची एक बाजू सोडून बाकी कमरेइतकीच भिंत, वर खांब. बाईमाणसाला एकटीला आत शिरताना आत कोण आहे ते लांबूनच दिसलं पाहिजे, हे मी बाई म्हणून सांगते. वापर वाढला की अड्डा आपोआप हलतो. बाकी दंड करायचा तर खुशाल करा, निवाऱ्यात दारू अजिबात नको, वाइनच्या गावात सुद्धा नको.

बांधायचं कसं ते पण नीट ठरवायला पाहिजे नाहीतर ठेकेदार सरसकट बसस्टॉपचं स्टीलचं शेड उभं करेल, उन्हाळ्यात त्यावर हात ठेवता येत नाही आणि वर्षभरात पत्रा गायब. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो, त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला तर आडवा येतो, तर ती बाजू दगडी भिंतीने पूर्ण बंद पाहिजे आणि उघडी बाजू पूर्वेकडे. धरणाचं पाणी पश्चिमेला दिसत असेल तर तिथे लांब पडवी काढा पण तोंड पावसाकडे करू नका. काळा दगड इथलाच आहे, कौलं मिळतात, बांबू पेठ-सुरगाण्यात होतो आणि तिथल्या कारागिरांना काम मिळेल. ओटा दगडाचा किंवा काँक्रीटचा, उचलून नेता येणार नाही असा. छपराचं पाणी एका टाकीत सोडलं तर निदान हातपाय धुवायची सोय होईल.

विजेचं मात्र गांभीर्याने घ्या. उघडा निवारा पावसापासून वाचवतो, विजेपासून नाही. मे-जूनच्या वळवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात आपल्याकडे वीज पडून माणसं, जनावरं जातात, म्हणून निवारा डोंगराच्या सोंडेवर, टोकावर किंवा एकट्या उंच झाडाखाली बांधायचाच नाही, थोडं खाली उतारावर घ्यायचा, आणि जिथे उंचावर घ्यावाच लागेल तिथे वीजरोधक बसवल्याशिवाय उघडायचा नाही. तसंच आग्या मोहोळं. किल्ल्यांच्या कड्यांना मोहोळं असतात, कोणी खाली धूर केला की माशा उठतात, तर कड्याजवळच्या निवाऱ्यात चूल पेटवायला बंदी पाहिजे आणि तसं मराठीत मोठं लिहिलेलं पाहिजे.

आणि काही ठिकाणी बांधूच नका. अंजनेरीच्या पठारावर एक वीट सुद्धा नको. ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथली कंदीलपुष्पाची एक जात जगात फक्त ह्याच भागात सापडते, कड्यांवर गिधाडं आहेत. वर गाडीरस्ता करायचं चाललं होतं तेव्हा नाशिककरांनी विरोध केला आणि बरोबर केलं. तिथे निवारा हवा तो पायथ्याला, गावाजवळ, म्हणजे गावातल्या बायकांना चहा-नाश्ता विकता येईल आणि घराघरातल्या संडासाचा वापर थोडे पैसे देऊन करता येईल. संडासाचा विषय टाळू नका, बायका ट्रेकला कमी येतात त्याचं निम्मं कारण ते आहे.

जागेचं कोणी म्हणेल की वनखातं, जलसंपदा, खाजगी, सगळं वेगवेगळं. खरंय. वनजमिनीवर पक्कं बांधायला परवानग्या लागतात, वेळ जातो. म्हणून सुरुवात तिथून करू नका. गावठाण आणि गायरानापासून करा, ग्रामपंचायतीचा ठराव घ्या, त्र्यंबक-पेठच्या पेसा (आदिवासी भागाच्या स्वशासनाचा कायदा) लागू असलेल्या गावांत तर ग्रामसभेला विचारूनच पुढे जा. धरणाच्या काठावर जलसंपदा विभागाने पाण्याच्या रेषेच्या वर जागा दाखवून द्यावी. बागायतदारांनाही विनंती आहे, बांधावरचा एक गुंठा सुद्धा पुरतो आणि पाटीवर तुमच्या बागेचं नाव येईल. मोठ्या वाइनऱ्यांना सीएसआरचा म्हणजे समाजकामासाठीचा पैसा खर्च करायचाच असतो. पैसा जिल्हा नियोजन समितीतून द्या, सिंहस्थाच्या निधीतून द्या, पण देखभाल गावाकडे ठेवा, कारण हरिहर वगैरे ठिकाणी वन समित्या पावती फाडतात, सफाई करतात, ते कामापुरतं चालतंय. जे गावाचं नाही ते पहिल्या पावसाळ्यानंतर कोणाचंच राहत नाही.

नांदूरमध्यमेश्वरला चापडगावच्या बाजूला पक्षी बघायला मनोरे केलेत, 2020 मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा जाहीर झाला, असा दर्जा मिळालेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ ते, आणि तिथे गावातलीच पोरं गाइड म्हणून काम करतात. म्हणजे गोदावरीच्या खालच्या अंगाला आपल्याला जमलंय. वरच्या अंगाला पण जमेल.

माझी एवढीच विनंती आहे की सगळीकडे एकदम नको, आधी तीन ठिकाणी करून बघा. एक गंगावऱ्ह्याच्या बाजूला धरणाच्या पाण्यासमोर, एक प्रदक्षिणेच्या वाटेवर पहिनेच्या अंगाला जिथे आडोसा अजिबात नाही, आणि एक आशेवाडीला रामशेजच्या पायथ्याशी, जिथे ट्रेकवाले पण येतात आणि बागेतले मजूर पण गाडीची वाट बघतात. पावसाळ्याआधी जागा ठरवा, वैनतेयसारख्या गिर्यारोहण संस्थांना आणि त्या त्या गावातल्या बायकांना बरोबर घेऊन जागा बघा, नुसतं ऑफिसात नकाशावर टिंब काढू नका. जागा बघायला जाणार असाल तर आमचा ग्रुप यायला तयार आहे, पुढे महिन्यातून एकदा झाडलोट करायची जबाबदारीही आम्ही घेऊ. आपल्या पेपरने हा विषय जिल्हाधिकारी साहेब आणि पालकमंत्र्यांपुढे मांडावा आणि त्यांचं उत्तर छापावं ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक,
गंगापूर रोड, नाशिक